‘चुकलं’ म्हणायची मुभा द्या : नागपूरच्या प्राध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर विद्यापीठात आणि शहरातल्या महाविद्यालयांत साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, समाजकार्य शिकवणारे सर आणि मॅडम

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यापैकीच काहींची विद्यार्थिनी. याच शहरात एम.ए. केलं आणि गेली चौदा वर्षं एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रात काम करते आहे. दरवर्षी तुमच्याकडून काही मुलंमुली आमच्याकडे क्षेत्रकार्यासाठी येतात. चांगली असतात. मे महिन्याच्या उन्हात दोन बस बदलून वेळेवर येतात, वस्तीत फिरतात, लोकांशी अदबीनं बोलतात. त्यांच्यातल्याच एकाच्या अहवालामुळे मी हे पत्र लिहायला बसले. तक्रार त्याच्याबद्दल नाही. त्यानं जे लिहिलं ते तो वर्गातून शिकून आला होता, आणि त्या अहवालाला त्याला उत्तम गुण मिळाले. म्हणून पत्र तुम्हाला.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आमच्याकडे आल्या. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, म्हणून जातपंचायतीनं त्यांचं घर वाळीत टाकलं होतं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून रबर लावलेली प्लास्टिकची थैली काढली, थैलीतून एक घडी काढली आणि टेबलावर दोन्ही हातांनी सपाट केली. चौकटीच्या वहीचा कागद होता, लहान मुलांना गणितासाठी देतात तसा. वर ‘दंड’ असं लिहिलेलं. खाली ५१,००० हा आकडा, एका चौकटीत एक अंक असा नीट बसवलेला. त्याखाली ‘जमा ११,०००’. मग तारखा, चार सह्या, दोन अंगठे. अकरा हजार कुठून आणले हे त्यांनी सांगितलं, पण पैशासाठी त्या आल्या नव्हत्या. आदल्या आठवड्यात त्यांचा सख्खा भाऊ वारला होता. त्याच्या तोंडात पाणी घालायला त्या गेल्या, तर पंचांपैकी एकानं हातातला तांब्या काढून घेतला. “पाणी बी नाई पाजू देल्लं, मॅडम. माहा भाऊ होता थो.” हे सांगताना त्यांची बोटं तांब्या धरल्यासारखी तशीच वळलेली होती. बराच वेळ.

तो विद्यार्थी माझ्या शेजारीच बसला होता. सगळं त्यानं ऐकलं, टिपून घेतलं. दोन आठवड्यांनी त्याचा अहवाल माझ्याकडे सहीला आला. त्यात लिहिलं होतं, की या समुदायाची स्वतःची न्यायपरंपरा आहे. आधुनिक राज्यसंस्थेच्या मूल्यचौकटीतून तिचं मूल्यमापन करणं हा ज्ञानात्मक हिंसाचार ठरेल. समुपदेशकानं तटस्थ राहून दोन्ही कथनांना समान वाव द्यावा.

मी त्याला विचारलं, “म्हणजे पंचांचं काही चुकलं नाही?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “चुकलं, पण कोणाच्या दृष्टीनं, मॅडम?” वाद घालायचा म्हणून नव्हे, मनापासून विचारत होता. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं आणि कुठं शोधायचं ते माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “त्या बाई पुढच्या सोमवारी येतील. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव.” त्यानं कागदाकडे पाहिलं. “नाई वाचता येणार,” म्हणाला.

सर, मॅडम, माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. ‘कोणाच्या दृष्टीनं’ हा प्रश्न विचारायला तुम्ही त्याला शिकवलंत. ते मोलाचं आहे, मलाही तुम्हीच शिकवलंत. पण तो प्रश्न विचारून झाल्यावर पुढे काय करायचं, हे आपण त्याला शिकवलं नाही. ज्या माणसाबद्दल लिहिलं त्याच माणसासमोर वाचता येत नाही असा अहवाल आपल्याकडे उत्तम ठरतो, याची मला काळजी वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज होणार नाही. संशय घ्यायला शिकवणाऱ्या या उत्तर-आधुनिक विचारांची मी वैरी नाही. यादी कोण करतं, नाव कोण देतं, वर्गवारी कोणाच्या हातात असते, या प्रश्नांचं वजन नागपूरकरांना फ्रेंच तत्त्वज्ञ फुको वाचण्याआधीच कळलेलं आहे. झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावरून आपण रोज जातो. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. बहुतेक बाया आणि लेकरं. मागणी काय होती? अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत ‘गोवारी’ असा शब्द नव्हता, ‘गोंड गोवारी’ असा होता. एका शब्दाच्या अलीकडे-पलीकडे एका अख्ख्या समाजाच्या सवलती, नोकऱ्या, शिक्षण अडकलं होतं. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. ज्ञान आणि सत्ता एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, हे शिकवायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. नोंद करणाऱ्या हाताकडे बघा, हे सांगणारं तत्त्वज्ञान मला हवंच आहे.

पण त्याच उदाहरणात दुसरीही गोष्ट आहे. ११४ हे कथन नाही. गोवारी बांधव दरवर्षी २३ नोव्हेंबरला त्या स्मारकावर येतात ते आमचा दृष्टिकोन मांडायला नव्हे. आमची माणसं मेली, हे व्हायला नको होतं, हे सांगायला येतात. यादीतला शब्द माणसांनी घडवलेला असतो हे खरं, आणि तो घडवण्यात अन्याय होऊ शकतो हेही खरं. अन्यायसुद्धा नुसता एक घडवलेला शब्दच आहे असं म्हटलं, की मग स्मारकावर फुलं वाहण्याला काही अर्थ उरत नाही.

१९७९ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारनं क्वेबेकच्या विद्यापीठ परिषदेसाठी एक अहवाल लिहिला आणि महाकथनांवरचा अविश्वास ही उत्तर-आधुनिकतेची ओळख म्हणून सांगितली. प्रगती, मुक्ती, विज्ञान असल्या मोठमोठ्या कहाण्यांवर आता कोणाचा विश्वास राहिला नाही, असं त्याचं निरीक्षण होतं. युरोपनं दोन महायुद्धं, छळछावण्या, वसाहती, सोव्हिएत तुरुंग हे सगळं पाहिलं होतं, त्यामुळे तो अविश्वास समजण्यासारखा आहे. पण एका भूप्रदेशाचा थकवा आपण वर्गात जगाचा नियम म्हणून शिकवतो. ज्यांना मुक्तीची कहाणी ऐकून ऐकून कंटाळा आला त्यांचा अविश्वास वेगळा. ज्यांच्या वस्तीपर्यंत ती कहाणी अजून पोचलीच नाही, त्यांच्या गळी तोच अविश्वास उतरवणं वेगळं.

१९७१ मध्ये हॉलंडमध्ये टीव्हीवर अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की आणि फुको समोरासमोर बसले होते. चॉम्स्की म्हणत होता, की लढायचं तर आपण अधिक न्याय्य समाजासाठी लढतोय असं म्हणता आलं पाहिजे, आणि त्याला माणसाच्या स्वभावात काही आधार असला पाहिजे. फुकोचं म्हणणं असं, की कामगारवर्ग सत्ताधाऱ्यांशी लढतो तो लढा न्याय्य आहे म्हणून नव्हे, त्याला सत्ता घ्यायची आहे म्हणून. हाच फुको त्याच वर्षी फ्रान्समधल्या कैद्यांचे हाल जगासमोर आणायला धडपडत होता, तुरुंगांच्या दारात उभा राहत होता. माणूस म्हणून त्याला कैद्यांचं दुःख टोचत होतं. ते चूक आहे असं म्हणायला त्याच्या सिद्धांतात जागा नव्हती, इतकंच. आपल्या विद्यार्थ्यांना आपण सिद्धांत शिकवतो आणि ती धडपड वगळतो.

पुढे १९७८ मध्ये इटालियन वर्तमानपत्रासाठी तो इराणला गेला आणि तिथल्या उठावातल्या ‘राजकीय आध्यात्मिकते’नं भारावून गेला. त्यावर पॅरिसमध्ये राहणाऱ्या एका इराणी स्त्रीनं जाहीर पत्र लिहिलं. युरोपातल्या डाव्यांना दुसऱ्यांच्या देशात धर्माचं राज्य आलेलं चालतं, पण त्या राज्यात बायकांना जगावं लागणार आहे, असा तिचा मुद्दा होता. फुकोनं तिला उत्तर दिलं: तिनं लेख नीट वाचलेला नाही आणि तिच्या पत्रात इस्लामबद्दल तुच्छता आहे. ८ मार्च १९७९ ला तेहरानमधल्या हजारो बायका सक्तीच्या हिजाबाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या.

त्या पत्रलेखिकेला आणि माझ्या समोर बसलेल्या बाईंना मी एकाच रांगेत बघते. ‘त्यांची संस्कृती’ असं आपण म्हणतो तेव्हा नक्की कोणाचं ऐकतो? पंच त्या जातीचे, तशा त्या बाईही त्याच जातीच्या. त्यांनी मला ‘माझं कथन वेगळं आहे’ असं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “त्याईचं चुकलं.” हा शब्द त्यांनी ना विद्यापीठातून आणला, ना राज्यघटनेतून. त्यांच्याच बोलीतला, त्यांच्याच आईनं शिकवलेला शब्द. म्हणजे त्या समुदायाच्या आतच दोन आवाज होते. एक बाजेवर बसलेल्या पंचांचा, दुसरा जिच्या हातातून तांब्या काढून घेतला त्या बाईचा. आपल्या विद्यार्थ्यानं आदर दाखवला तो बाजेवरच्याला, आणि त्याला नाव दिलं ‘समुदाय’. नैतिक सापेक्षतावाद, म्हणजे बरं-वाईट ज्या त्या संस्कृतीपुरतंच असतं हे मत, सगळ्या संस्कृतींचा सारखा मान राखतो असं सांगितलं जातं. माझा चौदा वर्षांचा अनुभव असा, की तो प्रत्येक संस्कृतीतल्या बलवानाचा मान राखतो. कारण परंपरा म्हणजे काय हे सांगायचा अधिकार तिथं आधीच कोणी तरी बळकावलेला असतो.

त्या अहवालातलं वाक्य महाडला नेऊन बघा. चवदार तळं नगरपालिकेनं ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं त्या तळ्याचं पाणी प्यायली. मग तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि विरोधक कोर्टात गेले. तिथं त्यांनी काय सांगितलं? अस्पृश्यांनी इथं पाणी भरायचं नाही ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, रूढी आहे. म्हणजे या समुदायाची पाण्याबाबत स्वतःची परंपरा आहे! मुंबई उच्च न्यायालयानं तो दावा फेटाळायला १९३७ साल उजाडलं. दोन्ही कथनांना समान वाव देणारा तटस्थ माणूस त्या दहा वर्षांत तळ्याच्या कुठल्या काठावर उभा राहिला असता?

महाडची गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण आपण असं शिकवतो जणू सार्वत्रिक मूल्यं ही युरोपनं आपल्यावर लादलेली गोष्ट आहे. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये जी संस्था काढली तिच्या नावात ‘सत्यशोधक’ हा शब्द घातला. शेवटच्या पुस्तकाच्या नावात ‘सार्वजनिक’ आणि ‘सत्य’ हे दोन शब्द शेजारी शेजारी बसवले. ब्राह्मणी ग्रंथांची त्यांच्याइतकी निर्दय चिरफाड मराठीत क्वचितच कोणी केली असेल. सत्तेनं लिहिलेल्या कथांमागे कोणाचा फायदा दडलाय हे दाखवणं म्हणजे विरचना असेल, तर तिचं काम पुण्यात पॅरिसच्या कितीतरी आधी चाललं होतं. पण जोतीराव तिथं थांबले नाहीत. खोट्या कथा खरवडून काढायच्या त्या सगळ्यांना लागू होईल असं सत्य शोधायला. मराठीत ‘सार्वजनिक’ हा शब्द नळाला लागतो, वाचनालयाला लागतो, विहिरीला लागतो. जिथं कोणीही यावं आणि भांडं भरून न्यावं, ते सार्वजनिक. सत्याला तो शब्द लावण्यात केवढी हिंमत आहे!

बाहेरचाही एक प्रसंग सांगते. १९४७ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा घडत होता, तेव्हा अमेरिकी मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यकारी मंडळानं एक निवेदन दिलं. मूल्यं ज्या त्या संस्कृतीपुरती असतात, सगळ्या जगाला लागू होईल असा जाहीरनामा कसा करणार, असा त्याचा सूर होता. हेतू चांगला होता, गोऱ्यांनी आपली मापं जगावर लादू नयेत हा. त्याच सुमारास त्या जाहीरनाम्याच्या समितीत भारताच्या हंसा मेहता बसलेल्या होत्या. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा शब्द होता. तो बदलून तिथं ‘सर्व माणसं’ असं यावं म्हणून त्या भांडल्या आणि तो बदलला. म्हणजे पश्चिमेतले विद्वान सार्वत्रिकतेला कात्री लावा म्हणत होते, आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातली बाई सांगत होती, ती पुरेशी सार्वत्रिक नाही, आणखी रुंद करा. त्याच मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूनं वेगळा जाहीरनामा स्वीकारला. पन्नास वर्षं लागली.

आता दीक्षाभूमीकडे येते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर ताडपत्रीखाली उभं राहून मी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची माझी प्रत घेतली होती. पानं एकमेकांना चिकटलेली होती, पट्टीनं सुटी करावी लागली. त्यात एक प्रकरण आहे, नुसती नीती पुरेशी नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असं सांगणारं. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं: नीती चोरांमध्येही असते, व्यापाऱ्यांची असते, जातभाईंची असते, दरोडेखोरांच्या टोळीचीही असते. पण ती आपल्यापुरती, इतरांना वगळणारी. ती गटाचं हित सांभाळते, म्हणूनच ती समाजविरोधी आहे.

हे वाचल्यावर मला त्या चौकटीच्या कागदाचा अर्थ लागला. त्या पंचांकडे नीती नव्हती असं नाही. हिशेब चोख होता. सह्या होत्या. जमा-बाकी बरोबर होती. आपापसात ते शब्दाला जागणारे असतील. त्यांच्याकडे गटाची नीती होती, आणि त्या नीतीत एका बहिणीला भावाच्या तोंडात पाणी घालता येत नव्हतं. आपल्या वर्गात ज्याला मोठ्या आदरानं ‘स्थानिक मूल्यव्यवस्था’ म्हणतात, त्याला बाबासाहेबांनी नेमकं नाव दिलेलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो माणसांनी जुन्या गटाची नीती सोडली ती नव्या गटाची धरायला नव्हे. आणि त्या शहरात तत्त्वज्ञानाच्या तासाला ल्योतार शिकवताना हे पान उघडत नाहीत, याचं मला मनापासून दुःख होतं.

कायद्यातही हीच ओढाताण दिसते. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला, कारण धर्मप्रमुखाचा बहिष्काराचा अधिकार हा त्या पंथाच्या धर्माचा भाग मानला गेला. गटाचा हक्क जिंकला, माणसाचा हरला. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला तो २०१६ मध्ये, आणि २०१७ च्या जुलैत तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या बाईंना मी हा कायदा समजावून सांगितला तेव्हा त्यांनी शिक्षा किती ते विचारलं नाही. “सरकारनं हे चूक हाय असं लिवलं हाय?” एवढंच विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर पदराचं टोक डोळ्याला लावलं.

राजकीय टीकेबद्दलही बोलायला हवं, कारण उत्तर-आधुनिकतेवर टीका करायची हल्ली टूम आहे आणि मला त्या टीकाकारांत बसायचं नाही. अलीकडे भाषणांतून असं ऐकू येतं, की कुटुंब मोडलं, देश मोडला, तरुण बिघडले, सगळं या फ्रेंच लोकांमुळे. हे खोटं आहे. व्हॉट्सॲपवर अफवा पसरवणाऱ्यानं फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाचं पान उलटलेलं नसतं. आणि हेच वक्ते दुसऱ्या दिवशी सांगतात, की मानवी हक्क ही पाश्चात्त्य कल्पना आहे, आमची मूल्यं वेगळी, आमच्या मापानं आम्हाला मोजा. म्हणजे सापेक्षतावाद त्यांनाही हवाच असतो. जर्मन तत्त्वज्ञ हेबरमासनं १९८० मध्येच यातल्या काही फ्रेंच विचारवंतांना ‘तरुण पुराणमतवादी’ म्हटलं होतं, तेव्हा ते पुष्कळांना अतिरेकी वाटलं. विज्ञानाच्या अभ्यासक मीरा नंदा यांनी २००३ मध्ये भारतापुरतं दाखवून दिलं, की विज्ञान हेही एक पाश्चात्त्य कथनच आहे असं डाव्या अभ्यासकांनी म्हणत राहिल्यानं, जुन्या पोथ्यांना विज्ञानाच्या पंक्तीला बसवू पाहणाऱ्यांचीच सोय झाली. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं फलज्योतिषाच्या अभ्यासक्रमांना वाट मोकळी केली, तेव्हा विरोध करताना ‘प्रत्येक ज्ञानपरंपरेचं आपलं सत्य’ असं मानणाऱ्याच्या हातात काय उरतं?

त्या गोटातल्या मोठ्या माणसांना हे कळलं होतं. विज्ञान कसं घडवलं जातं हे आयुष्यभर सांगणाऱ्या ब्रूनो लातूरनं २००४ मध्ये अस्वस्थ होऊन लिहिलं, की आमचीच हत्यारं आता हवामानबदल नाकारणारे वापरत आहेत. खुद्द देरिदानं १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विधी महाविद्यालयात सांगितलं, की कायद्याची विरचना करता येते, पण न्यायाची, तसं काही असेल तर, करता येत नाही. ‘तसं काही असेल तर’ ही त्याची सावध जोड मी गाळत नाही. पण ज्यानं सगळं सुटं करून दाखवलं, तोही न्यायापाशी येऊन थांबला. हे आपल्या नोट्समध्ये का नसतं? एम.ए.च्या परीक्षेला बसले तेव्हा माझ्या वहीत ‘संहितेबाहेर काही नाही’ हे देरिदाचं वाक्य तीन वेळा होतं. न्यायाबद्दलचं हे वाक्य मला नोकरीला लागल्यावर सापडलं.

तुम्ही म्हणाल, समुपदेशकानं निवाडा करायचा नसतो हे तुम्हाला माहीत नाही का? माहीत आहे. समोरच्याचं बोलणं मध्येच न तोडता, तोंडावर पसंती-नापसंती न आणता ऐकणं हे आमच्या धंद्याचं पहिलं कसब आहे. नवऱ्याचंही ऐकते, सासूचंही ऐकते. त्या पंचांपैकी दोघं आले होते, त्यांनाही चहा दिला आणि तासभर ऐकलं. त्यांची भीती मला कळली: पोरं शहरात जातात, जात विरघळते, मग आपल्या पोरींना कोण विचारणार, आपल्या मेलेल्याला खांदा कोण देणार. ती भीती खरी आहे. पण ऐकण्यात निवाडा नको म्हणून ऐकून झाल्यावरही नको, असं कोणी ठरवलं? डॉक्टर नाडी बघताना बोलत नाही, पण नाडी सोडल्यावर रोग सांगतोच. मी त्या दोघांना सांगितलं, “तुमची काळजी कळली. तुम्ही जे केलं ते चूक आहे. कायद्यानंही, आणि तसंही.” ते रागावून गेले नाहीत. त्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “तसंही म्हंजे?” मी तांब्याची गोष्ट काढली. तो काही बोलला नाही, पायात चपला सरकवायला त्याला वेळ लागला.

माझी विनंती फार मोठी नाही. अभ्यासक्रम बदलायला मंडळ बसावं लागतं, मला ठाऊक आहे. पण ल्योतारचा तास ज्या आठवड्यात असेल त्याच आठवड्यात गटाच्या नीतीबद्दलचं बाबासाहेबांचं ते पान वर्गात वाचता येईल. प्रश्नपत्रिकेत महाकथनांवर टीप विचारता, तिथंच पुढे विचारता येईल, की चवदार तळ्याबद्दल दोन्ही बाजूंना समान वाव द्यावा का, सकारण लिहा. क्षेत्रकार्याचा अहवाल तपासताना त्यात ‘समुदाय’ हा शब्द आला की समासात लिहा: यातलं कोणाचं ऐकलं, कोणाचं राहिलं? आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासमोर, त्यांच्या बोलीत, मुलाला ते वाचून दाखवता येतं का, ते बघून गुण द्या. ‘ज्ञानात्मक हिंसाचार’ हे वऱ्हाडीत कसं सांगायचं, हा प्रश्न मी त्या विद्यार्थ्याला विचारला होता. त्यानं प्रयत्न केला. तिसऱ्या प्रयत्नाला त्याच्या तोंडून जे आलं ते असं: “दुसऱ्याचं न आयकता त्याच्याबद्दल ठरवून टाकनं.” मग स्वतःच थांबला, कारण त्या अहवालात नेमकं तेच झालं होतं.

तो आता दुसऱ्या वर्षाला आहे. पुन्हा आमच्याकडेच क्षेत्रकार्य मागून घेतलंय त्यानं. कायद्याखाली तक्रार करायची की नाही हे त्या बाईंनी अजून ठरवलेलं नाही. त्याच वस्तीत त्यांना राहायचं आहे, धाकट्या मुलाचं लग्न आहे, आणि हे ठरवणं त्यांचंच काम आहे. कागदाची एक झेरॉक्स त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. सोमवारी अकरा वाजता त्या येतात. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर आधी एक फोन करा, मी त्यांची परवानगी विचारून ठेवीन.

आपली,
शहरातल्या एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रातली तुमची माजी विद्यार्थिनी
नागपूर